अप्पासाहेब, तुमचे पुढचे भाग जोरात चाललेत

मा. अप्पासाहेब यांस,
मुक्काम पोस्ट वाकड येथून एका पालकाचा सा. न. वि. वि.

हे पत्र उघडंच पाठवतोय. सीलबंद पाकिटाचं तुमच्यापुढे काही चालत नाही, हे एव्हाना सगळ्या महाराष्ट्राला कळलंय. मग डिंक आणि लाख वाया कशाला घालवायची? शिवाय तुमच्या नावानं बंद पाकीट निघालं की बघणारे भलताच अर्थ काढतात.

आपली रीतसर ओळख २०१७ च्या ऑक्टोबरात झाली, अंधारात. म्हणजे थिएटरच्या. ‘फास्टर फेणे’ नावाचा सिनेमा आला होता. दिग्दर्शन आदित्य सरपोतदारांचं, लेखन क्षितिज पटवर्धनांचं, निर्मिती रितेश-जेनेलिया देशमुखांच्या कंपनीची. अमेय वाघ झाला होता फेणे, आणि गिरीश कुलकर्णी झाले होते तुम्ही. तिकीट आम्ही अर्थातच फेणेसाठी काढलं होतं. त्यात तुम्हीही आहात याची आम्हाला कल्पना नव्हती. पण सिनेमा सुटल्यावर घरापर्यंत फेणेपेक्षा तुम्हीच जास्त सोबत आलात, आणि मग गेलाच नाहीत.

फेणेची नि आमची ओळख मात्र जुनी. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणे नावाच्या काटकुळ्या पोराला पुण्याच्या विद्याभवन शाळेत आणून बसवलं, बुडाखाली सायकल दिली, जिभेवर ‘ट्टॉक्’ दिलं आणि वीस पुस्तकं त्याला पळवलं. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘जंगलपटात फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’ अशी नावं नुसती कपाटात दिसली तरी उन्हाळ्याची सुट्टी लागल्यासारखं वाटायचं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला, तेव्हा गल्लीतली निम्मी पोरं जीभ टाळ्याला लावून हिंडत होती. उरलेल्या निम्म्यांना ‘ट्टॉक्’ जमत नव्हतं, एवढंच.

तुम्हाला त्या पुस्तकांत जागा नव्हती, अप्पा. रागावू नका. तिथले बदमाष साधे होते. चोरी करायचे, पळायचे, सापडायचे. चोर चोरासारखा दिसायचा, पोलीस पोलिसासारखा; आणि पुस्तक वाचणाऱ्या पोराची खात्री असायची की आपल्या घरातलं, आपल्या जिन्यातलं कोणी चोराच्या बाजूचं नाही. तुमचा सगळा धंदा या खात्रीच्या थडग्यावर उभा आहे. पण त्याकडे सावकाश येतो. तुमच्यासारख्या माणसाला एकदम कामाचं बोलू नये, एवढं आम्हालाही कळतं.

सिनेमावाल्यांनी फेणेला मोठा केला. विद्याभवनातून बाहेर पडला, वयात आला, आणि वयात आल्याबरोबर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाचं होतं तेच त्याचं झालं: प्रवेश परीक्षा. गुलमर्ग आणि प्रतापगड पालथे घातलेला पोरगा शेवटी हॉलतिकीट हातात धरून मेडिकलच्या परीक्षेला पुण्यात येतो. तिथं एक घाबरट दोस्त भेटतो आणि पुढं तो मेलेलाच सापडतो. आत्महत्या म्हणून प्रकरण मिटायला लागतं. फेणेला ते पटत नाही. पर्ण पेठेची अबोली, सिद्धार्थ जाधवचा अंबादास यांना सोबत घेऊन तो खणत जातो, आणि खणता खणता खाली मेडिकलच्या जागांचा बाजार मांडून बसलेले तुम्ही लागता. घरी त्याची वाट बघायला साक्षात भा. रा. भागवत बसलेले असतात, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. हेच प्रभावळकर १९९३ च्या ‘झपाटलेला’त तात्या विंचू होते, त्यामुळे बदमाषाची जात त्यांना ओळखू येत असावी. तात्या विंचूला दुसऱ्यांदा जगायला बाहुली लागली होती. तुम्हाला ओएमआर शीट पुरते.

आमच्यासारख्या काही जुन्या वाचकांना फेणेच्या हातातला मोबाईल रुचला नाही, हाणामारीही जरा जास्त वाटली. पण सरपोतदार-पटवर्धनांनी त्याला दिलेला गुन्हा मला तेव्हाही पटला होता आणि आता तर जास्तच पटतो. दोन वर्षं आधी, २०१५ मध्ये, दिबाकर बॅनर्जींनी बंगाल्यांच्या लाडक्या गुप्तहेराला, ब्योमकेश बक्षीला परत आणलं होतं, ते दुसऱ्या महायुद्धातल्या कलकत्त्यात. ट्रॅम, जपानी विमानांची भीती, अफू, चिनी गुंड. बघायला सुरेख, आणि प्रेक्षकाच्या अंगाला कुठंही न लागणारं. बंगाली माणूस आपल्या सत्यान्वेषीला दर चार-दोन वर्षांनी इस्त्री करून बाहेर काढतो. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळापहाड अजून वाचनालयाच्या मागच्या फळीवर पडून आहेत. त्यांच्यावरची धूळसुद्धा कोणी नीट झटकत नाही. अशा मुलखात कोणीतरी एका जुन्या गुप्तहेराला उचललं आणि जुन्या काळाच्या मखरात न बसवता सरळ परीक्षा केंद्राच्या दारात उभं केलं, याला हिंमत लागते. पुण्यात आणून त्याला हिऱ्याची चोरी दिली असती तर हसू आलं असतं. पुण्यात हिरे कोण चोरतं? इथं जागा चोरतात.

ॲक्शनबद्दल मात्र वाकडकर म्हणून एक तक्रार नोंदवतो. पुण्यात पाठलाग ठीक आहे, गल्ल्याबोळ आहेत. तोच पाठलाग आमच्या बाजूला आणून बघा. संध्याकाळी साडेसहाला भूमकर चौकात पळणारा आणि पकडणारा एकाच सिग्नलला शेजारी-शेजारी उभे राहतात, काच खाली करतात आणि ‘पुढं काय झालंय हो?’ असं एकमेकांना विचारतात. तिथून डांगे चौकाकडे निसटावं म्हटलं तर आणखी वाईट. त्या वेळी या भागात खरोखर फास्टर असतो तो फक्त सायकलवाला. भागवतांनी हे हिंजवडीत पहिली आयटी इमारत उभी राहायच्या कितीतरी आधी ओळखलं होतं, आणि आम्ही अजून उड्डाणपुलांची उंची मोजतोय.

असो. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तुमच्यावर फार मोठा अन्याय झाला, तो कुणीतरी बोलून दाखवायला हवा.

सिनेमात तुम्ही एकटे आहात. गुंड आहेत, दरारा आहे, पण सूत्रं एका माणसाच्या हातात आहेत आणि तो माणूस वाईट आहे. गोष्ट शेवटी फेणे विरुद्ध अप्पा यावर येऊन थांबते. गिरीश कुलकर्णींनी तुम्हाला इतकं झकास उभं केलं की सगळं पाप तुमच्याच अंगावर शोभून दिसलं. प्रेक्षक निर्धास्त बाहेर पडला, पॉपकॉर्नचा डबा टाकला, पार्किंगचे पैसे भरले. अप्पा गेला ना, मग झालं तर. तुम्ही एकटे असता, अप्पा, तर वाकड पोलीस स्टेशनच्या दोन हवालदारांनी तुम्हाला दुपारच्या चहाच्या आत आणून बसवलं असतं.

फेणेचा दुसरा भाग काही आम्हाला बघायला मिळाला नाही. सरपोतदारांनी मधल्या काळात ‘झोंबिवली’त झोंबी आणले, ‘मुंज्या’त भूत आणलं. मेलेल्यांना परत आणणं तुलनेनं सोपं असावं. तुमचे मात्र पुढचे भाग येतच राहिले, थिएटरला भाडंसुद्धा न भरता.

२०२१ साल तर तुमच्या कारकिर्दीतलं सुवर्णवर्ष. नुसता ऑक्टोबर ते डिसेंबर घ्या. ऑक्टोबरात आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड पदांच्या परीक्षा झाल्या. पेपर आधीच फुटल्याचं तपासात पुढं आलं आणि अटक झालेल्यांत खुद्द त्या विभागातले अधिकारी निघाले. नोव्हेंबरात पिंपरी-चिंचवड पोलिसांची शिपाई भरती होती. त्यातला एक प्रसंग आमच्या हिंजवडीच्या केंद्रावरचा आहे, तेव्हा त्यावर जरा थांबतो. एका उमेदवाराच्या तोंडावरचा मास्क तपासला, तर आत सिमकार्ड, माईक, बॅटरी आणि वायरींचं जाळं. कोरोनानं जगाला मास्क दिला, तुमच्या शाळेनं मास्कला वाचा दिली. दोन महिने आधी राजस्थानात शिक्षक पात्रतेच्या परीक्षेत ब्लूटूथ बसवलेल्या चपला पकडल्या होत्या, लाखांच्या घरातल्या. चप्पल पायात, मास्क तोंडावर. उमेदवाराच्या डोक्याला मात्र तुम्ही कुठंच हात लावत नाही. तिथं काही सापडणार नाही, याची तुम्हाला खात्री असते.

आणि हे पोलीस भरतीत बरं का, अप्पा! चोर पकडायच्या नोकरीसाठी पहिली पायरी चोरीची. फेणेनं हे पुस्तकात केलं असतं तर भागवतांनी त्याचा कान पिळून त्याला फुरसुंगीच्या एस्टीत बसवला असता.

डिसेंबरची १२ तारीख म्हाडाची. ५६५ पदं. राज्याच्या टोकाटोकाची पोरं रात्रीच्या गाड्यांनी निघालेली, कोणी स्टँडवर पथारी पसरलेली, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर मंत्र्यांनी समाजमाध्यमावरून कळवलं की परीक्षा रद्द. पेपर फोडायच्या तयारीत असल्याच्या आरोपाखाली ज्यांना धरलं, त्यांत परीक्षा घेण्याचं कंत्राट असलेल्या कंपनीचा संचालकच होता. पुण्याच्या सायबर पोलिसांनी तोच धागा ओढला, तर दुसऱ्या टोकाला शिक्षक पात्रता परीक्षा बांधलेली. त्याच महिन्यात राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली, घरातून लाखांची रोकड मिळाल्याच्या बातम्या आल्या. पुढं २०१९-२० च्या त्या परीक्षेतले ७,८०० हून जास्त उमेदवार गैरप्रकारात अडकल्याचं सांगून परिषदेनं त्यांच्यावर कारवाई केली.

आता ही चार खाती एका ओळीत मांडून बघा. औषध देणारा, चोर पकडणारा, घर देणारा आणि शिकवणारा. तीन महिन्यांत चारही. कंपन्यांचे विस्तार आम्ही हिंजवडीत रोज बघतो, पण एवढ्या कमी वेळात इतक्या क्षेत्रांत पाय रोवलेला दुसरा उद्योग मला तरी माहीत नाही. आणि यातही तुमची दूरदृष्टी बघा: पैसे मोजून पात्र ठरलेला गुरुजी ज्या वर्गाला शिकवेल, त्या वर्गातली पोरं पुढं स्वतःच्या बळावर परीक्षा द्यायच्या लायकीची राहतीलच कशी? म्हणजे पुढच्या पिढीचं गिऱ्हाईकही आत्ताच बांधून ठेवलंत.

२०२४ मध्ये तुम्ही मूळ कथेकडे परतलात. पुन्हा मेडिकल. ५ मे रोजी देशभरात नीट ही प्रवेश परीक्षा झाली, २३ लाखांहून जास्त मुलं बसली. ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी चालू असताना, सगळा देश टीव्हीपुढे बसलेला असताना, निकाल अलगद बाहेर सोडण्यात आला. ७२० पैकी ७२० गुण मिळालेली ६७ मुलं. १,५६३ जणांना वाढीव गुण दिल्याचं निघालं, त्यांची फेरपरीक्षा झाली. उत्तरं दुरुस्त झाल्यावर ६७ चे १७ उरले. हे सगळंच काही तुमच्या खात्यावर मांडता येत नाही, त्यात परीक्षा घेणाऱ्यांचं स्वतःचं कर्तृत्वही आहे. पण पाटणा आणि हजारीबाग तुमचंच. २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तिथं पेपर फुटला याबद्दल वाद नाही, मात्र सबंध परीक्षा रद्द करावी इतका तो सगळीकडे पसरल्याचा पुरावा दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीनं ठीकच असेल. आमच्या सोसायटीतल्या एका पोरीनं वर्षभर फोन कपाटात ठेवून अभ्यास केला होता; तिनं ही बातमी वाचली आणि एवढंच विचारलं, की म्हणजे थोडा फुटलेला चालतो का?

त्याच जूनमध्ये लातूर जिल्ह्यातल्या दोन शिक्षकांवर गुन्हा नोंदवला गेला आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द भलत्याच पानावर छापून आला. हे मात्र तुमचं मला आवडलं नाही, अप्पा. तो पॅटर्न लातूरकरांनी पहाटे पाचच्या तासांवर आणि रात्री अकराच्या सरावावर उभा केला होता. त्याबद्दल कितीही कुरकुर करा, पोरांना चरकातून काढतात म्हणा, पण त्यात घाम होता. तुम्ही दुसऱ्याच्या पाटीखाली आपलं दुकान लावलंत. एवढ्या मोठ्या माणसाला हे शोभत नाही.

तुमच्या घराण्याचा इतिहास तसा जुना आहे, मी उगाच तुम्हाला नवश्रीमंत म्हणणार नाही. भागवतांचा जन्म इंदूरचा. मध्य प्रदेशातल्या व्यापम परीक्षा घोटाळ्याला २०१३ मध्ये वाचा फुटली तीही इंदूरलाच, मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांच्या नावानं बसायला आलेले तोतये पकडले गेले तेव्हा. तिथं ‘इंजिन-बोगी’ म्हणायचे: पुढं हुशार पोरगा इंजिन म्हणून बसवायचा, मागं पैसेवाल्यांची बोगी जोडायची. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, मुलीच्या एम. डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं ताशेरे ओढल्यावर मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावं लागलं होतं. एका गुणपत्रिकेपायी एक मुख्यमंत्री. आता हजारोंच्या याद्या निघतात आणि साधा उपमंत्रीही गेल्याचं मला आठवत नाही. भाव किती पडलेत बघा.

आता तुमच्या गिऱ्हाइकांबद्दल. इथंच सिनेमानं तुमच्यावर अन्याय केला आणि आमच्यावर उपकार.

आमचं वाकड तुम्हाला माहीत असेलच. म्हातोबाचं गाव. १९९७ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, शेजारी हिंजवडीत आयटी आलं आणि ज्वारीच्या रानांत वीस-बावीस मजले उगवले. या मजल्यांवर राहतं कोण? लातूरचा, नांदेडचा, जळगावचा, सोलापूरचा तो पोरगा, ज्यानं बारावीला रात्री जागवल्या, प्रवेश परीक्षा दिली, इंजिनिअरिंगला नंबर लावला, कॅम्पसमध्ये निवडला गेला आणि गळ्यात पट्टा अडकवून हिंजवडीच्या बसमध्ये चढला. या वसाहतीचा पाया काँक्रीटचा नाही, प्रवेश परीक्षेचा आहे. एका गुणानं माणूस कुठल्या कुठं जातो, हे इथल्या प्रत्येक बापाला स्वतःच्या अंगावरून माहीत आहे. एका गुणानं कोण मागं राहिला, हेही माहीत आहे. तो गावाकडचा मित्र दिवाळीला भेटतो.

म्हणजे तुम्हाला सगळ्यात कडवा विरोध इथं व्हायला हवा होता. होतं काय ते सांगतो. मेडिकलचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी इथल्या पालकांचे फोन खणखणतात. पलीकडचा आवाज फार आदबशीर असतो. त्याला मुलाचं नाव ठाऊक असतं, गुण ठाऊक असतात, प्रवर्ग ठाऊक असतो. कुठून ठाऊक, हे कोणी विचारत नाही. तो म्हणतो, ‘सर, निराश होऊ नका. कुठल्या राज्यात चालेल? बजेट काय आहे?’ संध्याकाळी लिफ्टमध्ये चौघं भेटतात, चौघंही या फोनवर हसतात, ‘काय एकेक लोक असतात’ म्हणतात. चौथ्या मजल्यावर तिघं उतरतात. उरलेला तो नंबर सेव्ह करतो.

पेपर फुटल्याची बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यात लांब मजकूर याच गृहस्थाचा असतो. सिस्टिम सडली आहे, हुशार मुलांनी देश सोडून जावं, मेणबत्ती मोर्चा काढू या. खाली अंगठ्यांची रांग लागते. त्याच ग्रुपवर चार महिन्यांपूर्वी त्यानंच विचारलेलं असतं, ‘ॲडमिशनमध्ये कोणी ओळखीचं आहे का? अर्जंट.’ त्यालाही अंगठे आले होते.

तो वाईट माणूस नाही. पार्किंगमध्ये गाडी सरळ लावतो, गणपतीत स्वतः हिशेब लिहितो, रुपयाची गफलत नाही. त्याच्या बाजूनंही एक गणित आहे. २०२४ मध्ये नीट दिलेली मुलं २३ लाख, देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या जरा वर, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. उरलेल्या निम्म्यांची फी ऐकून तो कर्जाचा हप्ता आठवतो. आता समजा सरकारी कॉलेजच्या यादीत मुलाचं नाव थोडक्यात राहिलं, आणि खासगीत पाच वर्षांची फी त्याच्या फ्लॅटच्या किमतीला जाऊन भिडते. या दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात तुम्ही खुर्ची टाकून बसलेले असता. तुम्ही त्याला फसवत नाही. तुम्ही त्याला सांगता, की सगळेच करतात. आणि तो तुमच्यावर विश्वास ठेवतो, कारण त्यालाही तेच ऐकायचं असतं.

फेणे या माणसाला कसा पकडणार? फेणे गुंडाच्या मागं धावू शकतो, गच्चीवरून उडी मारू शकतो. पण दार उघडून ‘ये रे बाळा, पोहे खातोस का?’ म्हणणाऱ्या, मुलाच्या काळजीनं केस पांढरे झालेल्या काकांच्या दंडाला तो कसा धरेल? मला सिनेमात हे बघायचं होतं, अप्पा. फेणे आणि तुम्ही आमनेसामने आलात तेव्हा मी मागच्या रांगेत वाट बघत होतो, की आता तुम्ही यादी काढाल. ज्यांनी पैसे मोजले त्यांची. फेणेपुढे टाकाल आणि म्हणाल, ‘वाच. यातले किती पकडणार?’ माझ्या मते जुन्या नायकाला नव्या काळात आणायचा खरा डाव तिथं होता. पण तेवढं धाडस केलं असतं तर तिकीट काढून आलेलं निम्मं थिएटर अस्वस्थ झालं असतं, आणि मराठी सिनेमाला आधीच संध्याकाळचे खेळ मिळत नाहीत. निर्मात्याचंही पोट आहे.

तुमच्या बंदोबस्तासाठी कायदाही झाला, अभिनंदन. केंद्राचा सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा संसदेनं २०२४ च्या फेब्रुवारीत मंजूर केला आणि लागू झाला २१ जूनला. मधे नीटची ५ मे येऊन गेली होती. संघटित टोळीला पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी दंड. एक कोटी! वाकडात आता एक कोटीत धड थ्री बीएचके येत नाही हो, त्यावर नोंदणी आणि पार्किंग वेगळं. कायद्यातून परीक्षा देणाऱ्या मुलांना बाजूला ठेवलंय, ते बरोबरच आहे, पोरांचा काय दोष. पण गिऱ्हाईक बापाचं नाव बातमीत क्वचितच येतं. ‘काही पालकांची चौकशी सुरू’ एवढ्यावर तो पुन्हा लिफ्टमध्ये दिसतो, जरा खाली बघत.

तेव्हा माझी एक नम्र विनंती आहे. माझी मुलगी अकरावीत आहे. अभ्यासू आहे, पण ६७ जणांत बसणारी नाही. पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसेल. तेवढं एक वर्ष तुम्ही कुठं महाबळेश्वर-बिहबळेश्वरला जाऊन याल का? खर्चाचं आमच्या सोसायट्यांच्या फेडरेशनमध्ये बघू. वर्गणी काढायची आम्हाला सवय आहे, आणि तुमच्यासाठी म्हटल्यावर पावती कोणी मागणार नाही. तिला निदान एकदा खरे गुण मिळू देत. कमी पडले तर कमी पडले, ती बी.एस्सी. करेल, नर्सिंग करेल, काहीही करेल. मी तो फोन उचलणार नाही, असं मी तिच्या आईला सांगितलंय. तिची आई माझ्याकडे बघत राहिली. बहुधा तिलाही तो फोन येऊन गेला असावा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवू नये ही विनंती.

आपला,
एक पालक, वाकड

ता. क. या पत्राची एक प्रत श्री. बनेश फेणे, फुरसुंगी यांना पाठवायची होती. पण तुमचा सिनेमा आला त्याच ऑक्टोबरात फुरसुंगी पुणे महापालिकेत गेली, आणि २०२४ मध्ये बाहेर काढून तिची उरुळी देवाचीबरोबर वेगळी नगरपरिषद केली. पोस्टमनला पत्ता लागेपर्यंत तुमची पुढची परीक्षा उरकलेली असेल. म्हणून ती प्रतही तुमच्याकडेच देतोय. टपाल वेळेआधी पोचवण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही.